स्कोअर काय झाला?

ऑफिसात कुणी 'स्कोअर काय झाला?' असं विचारलं, की इतकी वर्षं मी क्रिकेटचाच सांगायचो. गेल्या वर्षी हाच प्रश्न बँकेतल्या मॅडमनी विचारला आणि आपली विकेट पडली!

झालं असं, की वाकडला एक झक्कास टू बीएचके बघितला होता. लग्न डिसेंबरात ठरलेलं. बिल्डरला टोकन देऊन बसलो होतो. पगार बरा, ईएमआय एकही चुकलेला नाही, कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरणारा मी गुणी बाळ. होमलोन खिशातच आहे, असं धरून चाललो होतो. पण बँकेने अर्ज परत केला. सिबिल स्कोअर म्हणे ६९२. हा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या पुढचा बँकांना आवडतो.

"मॅडम, पण मी कुणाचे पैसे बुडवलेत?"

"बुडवले नाहीत हो. पण तुम्हाला पैशांची फार घाई आहे, असं दिसतंय."

रिपोर्ट उघडला, तेव्हा ही घाई कुठे दिसते ते कळलं.

पाच दुकानं, एक गिऱ्हाईक

व्याज कुठे कमी पडतं, हे बघायला मी तीन आठवड्यांत चार ठिकाणी अर्ज टाकले होते. शिवाय मॉलमधल्या स्टॉलवर फुकट बॅगेच्या मोहापायी एका नव्या कार्डाचा फॉर्म! प्रत्येकाने माझा रिपोर्ट मागवला आणि प्रत्येक वेळची नोंद त्यात झाली. हिला म्हणतात हार्ड इन्क्वायरी. एखाद-दुसरीने फारसं बिघडत नाही, पण लागोपाठ पाच म्हणजे जरा जास्तच. चार दुकानांत उधारी मागून आलेल्या माणसाला पाचवा वाणी काय म्हणेल? तसंच.

गंमत म्हणजे, आपला रिपोर्ट आपणच बघितला तर स्कोअर जराही हलत नाही. आणि मी मात्र 'बघितला की कमी होतो' या भीतीने तो कधी उघडलाच नव्हता.

बिल भरलं, तरीही?

दुसरा घोळ कार्डाचा. लिमिट एक लाख. साखरपुड्याची खरेदी आणि हॉलचा ॲडव्हान्स मिळून ८८ हजार झाले. शेवटच्या तारखेच्या आत सगळे भरले. तरी रिपोर्टात ८८ हजार बाकी! कारण बँक जी बाकी कळवते, ती बहुतेक वेळा स्टेटमेंट निघालं त्या दिवसाची असते. आपण पैसे भरतो त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. म्हणजे व्याज एक पैसा नाही, पण लिमिटचा वापर ८८ टक्के! हा वापर ३० टक्क्यांच्या आत असावा, असा साधारण ठोकताळा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आईने शिकवलं होतं. पण अंथरूणभर पसरले, तरी बँकेला वाटतं, हा आता बाहेर येणार.

मग काय केलं?

सहा महिने एकही नवा अर्ज नाही. मोठा खर्च झाला, की स्टेटमेंटच्या आधीच पैसे भरायचे. वैतागून जुनं कार्ड बंद करणार होतो, तेवढ्यात मॅडमनी थांबवलं. ते बंद केलं तर एकूण लिमिट घटतं आणि वापराचा टक्का उलट वाढतो. स्कोअर हळूहळू ७६० च्या वर गेला. लोन झालं. पण तो वाकडचा फ्लॅट काही थांबला नाही, आणि टोकनातूनही बिल्डरने काही हजार कापले. लग्नानंतरचा गृहप्रवेश भाड्याच्या घरात झाला.

तुम्ही हे करा

* ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. दर तीन महिन्यांनी एकेकीचा मागवा.
* मोठं लोन घ्यायचंय? सहा महिने आधी रिपोर्ट बघा. चूक दिसली तर लगेच तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे.
* जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्यातून एकदा माहिती पाठवावी लागते. म्हणजे बाकी कमी केलीत, तर ती रिपोर्टातही लवकर दिसते.
* व्याजदर आधी फोनवर विचारा. अर्ज एका, फार तर दोन ठिकाणीच टाका.

हल्ली दर तीन महिन्यांनी बायको विचारते, "अरे, स्कोअर काय झाला?" मॅच तर कुठलीच चालू नसते!