किती टन, किती लांब?

साइटवर 50 टनांची क्रेन आली की आठ टनांचा गर्डर ती सहज उचलेल, असे कोणालाही वाटते. पण हे 50 टन क्रेनच्या अगदी जवळचे, साधारण तीन मीटरवरचे असतात. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, लांबवून 20 मीटरवर माल ठेवायचा झाला, तर तीच क्रेन जेमतेम पाच-सहा टन पेलते. त्याहून जास्त लादले तर ती कलंडते किंवा बूम मोडतो. म्हणून आधी सगळ्यांत जड माल कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा हे ठरते. दोन्ही अंतरे मोजून, किती अंतरावर किती वजन चालेल ते सांगणाऱ्या लोड चार्टशी ताडली जातात आणि मगच क्रेनची जागा पक्की होते. मालाच्या वजनात हूक-ब्लॉक आणि माल टांगायचे स्लिंग, शॅकलही धरावे लागतात.

स्लिंगचा हिशेबही फसवा असतो. दहा टनांचा माल दोन स्लिंगांवर टांगला तर प्रत्येकावर पाच टन, हे स्लिंग सरळ उभे असतील तरच खरे. जमिनीशी 60 अंशांचा कोन झाला की ताण 5.8 टनांवर जातो, 30 अंशांवर थेट दहा. स्लिंग आखूड असले की हा कोन लहान होतो. आखूड स्लिंगवर काम उरकायला जाणकार रिगर, म्हणजे माल बांधणारा, नकार देतो, तो यामुळेच.

मोबाइल क्रेन आउटरिगरच्या चार पायांवर उभी राहते. बूम एका पायाच्या दिशेला वळला की बराचसा भार त्याच पायावर येतो. पुनर्विकासाच्या आवारात त्याखाली जुनी पाण्याची टाकी किंवा नुकताच बुजवलेला चर निघाला, तर वर टाकलेली पोलादी प्लेटही वाचवत नाही.

वारा तर चार्टमध्ये पुरता मावतच नाही. 14 जुलै 1999 रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मिलर पार्क स्टेडियमच्या छताचा साडेचारशे टनांहून जड भाग उचलताना ‘बिग ब्लू’ ही अजस्र क्रेन कोसळली आणि तीन कामगार दगावले. क्रेनवरच्या वाऱ्याचा विचार झाला होता. छताच्या विस्तीर्ण पत्र्यावर वारा किती रेटा देईल, हा हिशेब राहून गेला होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो.

टॉवर क्रेन रात्री आपोआप फिरताना दिसते, तीही वाऱ्यामुळेच. काम संपल्यावर तिचा फिरण्याचा ब्रेक मुद्दाम मोकळा सोडतात. जखडून ठेवली तर वारा आडवा झोंबून तिला पाडू शकतो. साहजिकच पूर्ण वर्तुळात तिची जिब, म्हणजे आडवा हात, शेजारच्या इमारतीला किंवा दुसऱ्या क्रेनला अडता कामा नये. इमारतीच्या पोटातून वर चढणारी क्रेन तर शेवटी गच्चीवर अडकते. तिला सोडवायला डेरिक ही लहान क्रेन वर बसवतात, ती उतरवायला तिच्याहून लहान. क्रेन उतरवायची कशी, हे ती उभारण्याआधीच्या नकाशावर नसेल, तर तो आराखडा अपुरा समजावा.