जबड्याच्या हाडाची छाया

दाढेचा ठणका असह्य व्हावा आणि क्ष-किरणांच्या चित्रात जबडा मात्र निर्दोष दिसावा, असे कधी कधी घडते. रोग्यास वाटते, यंत्र चुकले. वस्तुतः यंत्र चुकलेले नसते. त्याची दृष्टी तेवढी मर्यादित असते.

१८९५ साली राँटगेन यांनी शोधलेले हे किरण हाडातील चुन्याच्या क्षारांमुळे अडतात, म्हणून चित्रात हाड पांढरे उमटते. रोगाने क्षार झिजले की तेथे काळसर डाग पडतो. परंतु जबड्याला बाहेरून घट्ट कवच असते आणि आत जाळीदार हाड. रोग त्या जाळीत सुरू झाला, तर कवचाची दाट छाया त्यास झाकून टाकते. डाग दिसू लागेपर्यंत त्या जागेचे सुमारे ३० ते ५० टक्के क्षार नाहीसे झालेले असतात.

ही अडचण सी. टी. यंत्राने पुष्कळ कमी केली. हाउन्सफील्ड यांचे हे यंत्र १९७१ साली लंडनमध्ये प्रथम मेंदूच्या तपासणीसाठी वापरले गेले. ते जबड्याचे जणू पातळ काप दाखविते आणि प्रत्येक बिंदूची घनता अंकांत सांगते. पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १,०००. हाडाचा शून्याहून पुष्कळ वर. दुखऱ्या बाजूची निरोगी बाजूशी तुलना त्यामुळे सुकर होते.

तथापि घनता घटली म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. नुकत्याच काढलेल्या दाताची जागाही विरळ दिसते. उलट, काही जुनाट दाहांत हाड अधिकच दाट होते. छाया रोगाची जागा दाखविते, नाव सांगत नाही. ते कित्येकदा सूक्ष्मदर्शकाखालील तुकड्यावरूनच ठरते. म्हणून चित्र स्वच्छ असूनही ठणका थांबत नसेल, तर पुन्हा वैद्याकडे जाणे, हेच शहाणपणाचे होय.