व्याधाची उणे प्रत

मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दिसला का, पोरांनो? त्याच रेषेत खाली या. तो लखलखणारा तारा म्हणजे व्याध. रात्रीच्या ताऱ्यांत त्याच्याहून तेजस्वी दुसरा नाही, आणि त्याची प्रत आहे उणे दीड!

"आजोबा, मग ध्रुवाची?"

दोन. आकडा लहान तेवढा तारा ठळक. शाळेतल्या पहिल्या नंबरासारखंच हे. ग्रीकांनी दोन हजार वर्षांपूर्वी ठळक ताऱ्यांना पहिल्या प्रतीत बसवलं आणि डोळे ताणून जेमतेम दिसणाऱ्यांना सहाव्या. हिप्पार्कसपासून ही रीत आली असं मानतात.

पण पहिली प्रत सहावीहून कितीपट तेजस्वी? ते 1856 मध्ये नॉर्मन पॉगसननं ठरवून टाकलं: बरोबर शंभरपट. म्हणजे एका पायरीला साधारण अडीचपट. अडीच पाच वेळा मांडून गुणाकार करा, शंभराच्या आसपास येतो की नाही पाहा. हा पॉगसन पुढं मद्रासच्या वेधशाळेत आला, 1891 मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिला. तिथून त्यानं एक लघुग्रह शोधला आणि त्याचं नाव ठेवलं 'एशिया'. मला हा माणूस फार आवडतो.

पट्टी पक्की झाली आणि फार तेजस्वी मंडळी शून्याच्याही खाली घसरली. पुनवेचा चंद्र उणे साडेबाराच्या आसपास, सूर्य उणे 26.7. चंद्रापासून सूर्यापर्यंत पायऱ्या चौदाच, पण तेज चार लाखपट!

अशी पट्टी गुणाकारानं चढते. एरवी आपण लाखाच्या घरात, कोटीच्या घरात म्हणतो, तेव्हा तरी काय करतो? नेमका आकडा सोडून देतो आणि शून्यं मोजतो. एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत गेलात, तर एकावर सतरा शून्यं. अठरा घरांत सगळं आटोपलं.

भूकंपालाही हेच लागलं. कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स रिश्टरला आकाशाचा नाद होता. 1935 मध्ये भूकंपाची पट्टी करताना कल्पना त्यानं ताऱ्यांकडूनच उसनी घेतली. फक्त मोठ्याला मोठा आकडा दिला, हे बरं केलं. एक अंक वाढला की यंत्रावरची लाट दसपट होते, आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट. दोन अंक वाढले तर हजारपट.

1993 च्या अनंत चतुर्दशीला विसर्जन करून माणसं निजली आणि पहाटे किल्लारी हादरली. भूकंप होता 6.2 चा. 2001 चा भूजचा 7.7. फरक दीडच, पण भूजची ऊर्जा पावणेदोनशे पट.

"मग किल्लारीत कमी माणसं गेली असतील."

दहा हजारांच्या घरात गेली, बाळा. भूकंपाचं नाभीस्थान फार खोल नव्हतं. वर दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर मातीची जड माळवदं, आणि माणसं आत झोपेत. रिश्टरचा आकडा जमिनीखाली काय घडलं ते सांगतो. वर काय पडलं ते त्याला विचारू नये. त्यासाठी भूकंपाच्या तीव्रतेची निराळी मोजणी आहे आणि ती गावागणिक बदलते.

"आजोबा, भूकंपही उणे असतो?"

असतो तर! यंत्रं नाजूक झाली, तसे शून्याहून लहान भूकंपही नोंदले जाऊ लागले. ताऱ्यांत उणे म्हणजे दांडगा, भूकंपात उणे म्हणजे चिमुकला. इतका, की त्यावर उभं राहूनही कळायचं नाही.