बिल मागणारा ग्राहक, करखात्याचा डोळा

व्हॅट असो वा जीएसटी, व्यापारी व्यापाऱ्याकडे बिल मागतोच. त्याला आधी भरलेल्या कराची वजावट हवी असते. साखळी तुटते ती शेवटी. घरगुती ग्राहकाला बिलाचं काय पडलंय?

ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००७ मध्ये ‘नोटा फिस्कल पॉलिस्टा’ योजनेतून नेमकं इथेच बोट ठेवलं. बिलावर आपला करदाता क्रमांक घालायचा, दुकानदाराने ते नोंदवलं का हे ऑनलाइन तपासायचं, नसेल तर तक्रार करायची. बदल्यात कराचा काही भाग परत, वर लॉटरी! अर्थतज्ज्ञ जोआना नारितोमी यांच्या २०१९ च्या शोधनिबंधानुसार चार वर्षांत दुकानांनी दाखवलेली विक्री किमान २१ टक्क्यांनी वाढली. पहिल्या तक्रारीनंतर दुकानदार १४ टक्के जास्त पावत्या फाडू लागले. (बक्षिसांचा खर्च अर्थात सरकारी तिजोरीतूनच.)

आपल्याकडे ई-इन्व्हॉइसची सक्ती व्यापाऱ्यांमधल्या व्यवहारांपुरती आहे. किरकोळ ग्राहकासाठी केंद्राने १ सप्टेंबर २०२३ रोजी ‘मेरा बिल मेरा अधिकार’ ही सोडत प्रायोगिक तत्त्वावर आणली: किमान २०० रुपयांचं बिल, सर्वांत मोठं बक्षीस एक कोटी. सुरुवात आसाम, गुजरात, हरियाणा आणि काही केंद्रशासित प्रदेशांत झाली. त्या यादीत महाराष्ट्र नव्हता.