रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

होस्टेलवर रात्री साडेअकरानंतर जे वाद रंगतात त्यातले निम्मे क्रिकेटचे आणि निम्मे सिनेमाचे. सिनेमावरून गाडी हमखास एका प्रश्नावर येते. स्वतःच्या रक्षणासाठी रोज जवळ बाळगायचंच झालं, तर रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल? मेकॅनिकलवाले रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आणि कॉम्प्युटरवाले पिस्तुलाच्या बाजूने (नावात ‘ऑटोमॅटिक’ आलं की त्यांना सगळंच आवडतं!). बाकीच्यांना दोन्ही एकच वाटतात. पेपरवाल्यांनाही वाटत असावीत, कारण एकाच बातमीत मथळ्यात रिव्हॉल्व्हर असतं आणि खाली त्याचं पिस्तूल झालेलं असतं.

आधी शब्द. बोटाने ओढतो तो चाप. मागून आपटतो तो घोडा. कॉन्व्हेंटमध्ये मी दोन्हीला ‘ट्रिगर’ आणि ‘हॅमर’ एवढंच शिकले. चाप, घोडा, काडतूस हे शब्द आमच्या सवला ऐकले. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर रानडुकरांपासून भात वाचवायला शेतीरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते, कुठेकुठे जुनी ठासणीची असते, त्यामुळे हे शब्द तिथे रोजच्या वापरातले आहेत.

आता मुद्दा. दोन्ही शस्त्रांतला खरा फरक आकाराचा नाही, गोळ्यांच्या संख्येचाही नाही. पुढचं काडतूस नळीसमोर आणण्याचं काम कोण करतं, हा फरक आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये ते काम तुमचं बोट करतं. पिस्तुलात ते काम आधीचं काडतूस करतं. एवढं लक्षात ठेवलं की दोघांचे गुण आणि दोष आपोआप कळतात.

रिव्हॉल्व्हरमध्ये एक फिरतं सिलिंडर असतं आणि त्यात बहुधा ६ घरं. चाप ओढला की आतली एक खुंटी सिलिंडरच्या मागच्या दातऱ्यावर चढते आणि सिलिंडर ६० अंश फिरवते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतं तेच रॅचेट आणि पॉल, थिअरी ऑफ मशिन्सच्या व्हायवाला विचारतात ते. त्याच ओढीत घोडा मागे जातो आणि शेवटी सुटून आपटतो. याला डबल ॲक्शन म्हणतात. एवढी सगळी कामं एका बोटावर, त्यामुळे चाप जड लागतो, साधारण ४ ते ६ किलोचा जोर. घोडा आधीच अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर मात्र दीड-दोन किलोत काम होतं. काडतूस फुसकं निघालं तर काय करायचं? काही नाही, पुन्हा चाप ओढायचा. बोट सिलिंडर फिरवतं आणि पुढचं काडतूस समोर येतं.

पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात (हे मॅगझिन वेगळं, त्याला मराठी विभाग नसतो!). गोळी पुढे सुटली की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने वरची स्लाइड मागे जाते. जाताना रिकामं टरफल बाहेर फेकते, घोडा चढवते आणि स्प्रिंगने परत येताना नवं काडतूस नळीत ढकलते. गणित करून बघा. .३२ पिस्तुलाची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, वेग धरा सेकंदाला २८० मीटर. स्लाइड समजा ३०० ग्रॅमची. दारूच्या वायूचा वाटा सोडून संवेग सारखे धरले तर स्लाइडला सेकंदाला ४.३ मीटर वेग मिळतो. गोळीकडे सुमारे १८० ज्यूल ऊर्जा जाते आणि स्लाइडच्या वाट्याला जेमतेम ३ ज्यूल येतात! या ३ ज्यूलमध्ये वरची सगळी कामं उरकायची. काडतूस जुनं, दमट असेल, स्प्रिंग थकली असेल, तेलाचा चिकटा झाला असेल किंवा मनगट सैल पडून सगळं पिस्तूलच मागे गेलं असेल, तर हे ३ ज्यूल पुरत नाहीत. टरफल अर्धवट अडकतं आणि पिस्तूल जाम होतं. मग स्लाइड दुसऱ्या हाताने खेचून मोकळी करावी लागते. सराव असलेला माणूस ते दोन सेकंदांत करतो. सराव नसलेला पिस्तुलाकडे बघत बसतो.

याचा अर्थ रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही असा नाही. न जळलेल्या दारूचे कण सिलिंडरच्या मागे साचले की ते फिरायचं थांबतं, आणि तसं झालं तर जागच्या जागी काही करता येत नाही. पण पिस्तुलापेक्षा हे कमी वेळा होतं.

आपल्याकडे पिस्तूल हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातून येतो. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने .३२ पिस्तुलाचं काडतूस त्याच्या दहाच वर्षं आधी काढलं होतं, म्हणजे त्या काळातली ही अगदी ताजी टेक्नॉलॉजी. गंमत अशी की भारतात सामान्य नागरिकाला हातातल्या शस्त्रात आजही मुख्यतः .३२ बोअरच मिळतो. सिनेमातलं ९ मिलिमीटर आणि .३८ हे बोअर ‘प्रतिबंधित’ यादीत आहेत. त्यामुळे ‘जास्त ताकदवान कोणतं’ हा होस्टेलवरचा वाद इथे जवळपास संपतोच. दोन्ही .३२. काडतुसं मात्र वेगळी, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. रिव्हॉल्व्हरची गोळी जरा जड आणि हळू, पिस्तुलाची हलकी आणि वेगवान.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते, शस्त्र झाडण्याच्या एका क्षणावर नाही, तर ते नुसतं जवळ असण्याच्या हजारो तासांवर. महाराष्ट्राला माहीत असलेली दोन उदाहरणं घेऊ. २२ एप्रिल २००६ ला वरळीच्या घरात प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्याच धाकट्या भावाने, प्रवीण यांनी, परवाना असलेल्या .३२ पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी महाजन गेले. दुसरं, १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे जुहूच्या घरी अभिनेता गोविंदा यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडलं आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. एक पिस्तूल, एक रिव्हॉल्व्हर. दोन्ही कायदेशीर, दोन्ही घरात, आणि दोन्ही वेळा समोर चोर-दरोडेखोर कोणीच नव्हता.

पडल्यावर गोळी सुटते कशी? जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा काडतुसाच्या मागच्या टोपीला टेकूनच बसलेला असतो. शस्त्र घोड्यावर पडलं की तो धक्का थेट टोपीला. म्हणून जुने लोक ६ घरांत ५ काडतुसं घालत आणि घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवत. नव्या बनावटीत घोडा आणि काडतूस यांच्या मध्ये एक लहानशी पट्टी असते, चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार पोहोचतच नाही. आजोबांकडून आलेलं रिव्हॉल्व्हर ‘अजून चालतं’ म्हणून वापरणाऱ्यांनी ही पट्टी आहे का, शाबूत आहे का, हे परवानाधारक शस्त्र-कारागिराकडून बघून घ्यायलाच हवं.

पिस्तुलाचा धोका वेगळा आहे. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं वाटतं. होत नाही! एक काडतूस नळीच्या तोंडाशी, चेंबरमध्ये, राहिलेलं असू शकतं आणि ते बाहेरून सहज दिसत नाही. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांसमोर येतात. घरात लहान मुलं असतील तर मला हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी वाटतो.

पिस्तुलाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ते चपटं असतं, कमरेला लपतं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फुगीर दिसतं आणि बाहेर आलेला घोडा पर्सच्या अस्तरात अडकतो. पिस्तुलात गोळ्या जास्त मावतात आणि मॅगझिन बदललं की पुन्हा तयार. पण चेंबर रिकामा ठेवून फिरलात तर वेळेला स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत. चेंबर भरून खटका लावून फिरलात तर घाबरलेल्या अवस्थेत खटका उघडायची आठवण हवी. आणि आपल्याकडचा पाऊस दोघांनाही सारखाच छळतो. चामड्याच्या म्यानात ठेवलेलं शस्त्र जुलै-ऑगस्टमध्ये गंजतं, म्यान ओलावा धरून ठेवतं.

मुलींसाठी म्हणून जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने ‘निर्भीक’ नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर काढलं होतं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतरचं हे नाव. वजन साधारण अर्धा किलो, टायटॅनियमचा मिश्रधातू, किंमत सव्वा लाखाच्या आसपास! तेव्हा त्यावर बरीच टीका झाली आणि मला ती पटते. हल्ला बहुतेक वेळा हाताच्या अंतरावरून होतो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस डेनिस टुलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. २१ फूट म्हणजे जवळपास साडेसहा मीटर. तेवढ्या वेळात पर्सची चेन तरी उघडते का? इथे रिव्हॉल्व्हर की पिस्तूल याने काहीच फरक पडत नाही, शस्त्र कुठे ठेवलंय आणि हात मोकळा आहे का याने पडतो.

तरीही परवाना मिळाला आहे आणि निवडायचंच आहे असं कोणी म्हणालं, तर माझं मत सांगते. वर्षातून एकदा कपाटातून काढून पुसणारा माणूस असेल तर मधली पट्टी असलेलं नव्या बनावटीचं रिव्हॉल्व्हर. पिस्तूल फक्त त्याने घ्यावं जो नियमित सराव करेल, कारण ते ३ ज्यूल तुमच्या मनगटावर अवलंबून आहेत. आणि आपल्याकडे वर्षाला किती काडतुसं घ्यायची हेही परवान्यावर ठरलेलं असतं, त्यामुळे असा माणूस विरळाच.

आता आपल्यापुरतं. शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवाना नाही, म्हणजे मी आणि माझी निम्मी बॅच बाद. (एनसीसीत .२२ रायफल चालवलेल्यांनी कॉलर ताठ करू नये, ते प्रशिक्षण झालं.) रायगड जिल्ह्यात अर्ज अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलिसांचा चौकशी अहवाल लागतो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना ५ वर्षांचा असतो. परवाना असला तरी खास परवानगीशिवाय कॉलेजच्या आवारात शस्त्र आणता येत नाही. आणि स्वसंरक्षणाचा हक्क, जो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, तो गरजेपुरत्याच बळाचा आहे. पळणाऱ्या पाकीटमारावर गोळी झाडणं त्यात बसत नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी होऊन बरीचशी शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात, शेतकऱ्यांच्या बंदुकासुद्धा, ऐन रानडुकरांच्या दिवसांत असली तरी. जमा करायला नेताना घरीच रिकामं करून न्यायचं, पिस्तूल असेल तर मॅगझिन काढल्यावर स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचा, आणि पावती जपून ठेवायची. परत घेताना ती लागते.