पडद्याआडची सही, पाकिटातली साक्ष

सुप्याला 12 मे 1875 रोजी दंगल पेटली, सावकारांचे रोखे जळाले आणि चार वर्षांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. एवढा इतिहास शाळेत सगळ्यांनीच वाचलेला असतो. पण अशा कागदांची खरी गंमत शेवटच्या चार ओळींत असते. एका बाजूला 'लिहून देणार', दुसऱ्या बाजूला 'साक्ष'. जुन्या मिळकतींची टायटल तपासताना माझी निम्मी हयात ह्या चार ओळींवर गेली. गहाणखत टिकते ते तिथे आणि बुडते तेही तिथेच.

लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर', बाईच्या नावापुढे 'निशाणी बांगडी'. हे नांगर भिंगाखाली धरून पाहावेत. कित्येकदा नांगराची रेघ आणि वरचा मोडी मजकूर एकाच बोरूतून उतरलेला दिसतो. म्हणजे कर्ज शेतकऱ्याचे, पण नांगरसुद्धा लिहिणाराच्या हातचा! तिकडे बंगालात जंगीपूरला 1858 साली विल्यम हर्शेलने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे 1877 मध्ये हुगळीला दस्तनोंदणीत बोटांचे ठसे सुरू केले तेही त्यानेच. त्या पहिल्या ठशामागचा हेतू मात्र साधा होता: माणसाला धाक बसावा आणि त्याने उद्या सही नाकारू नये. ठशाचे शास्त्र मागाहून आले.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये व त्यावरच्या गहाणाला नोंदणी आणि किमान दोन साक्षीदार बंधनकारक केले. घोळ इथून सुरू होतो. जमीन रत्नागिरीकडे, मालक मुंबईत चाकरीला आणि टपाल 1854 पासून स्वस्त झालेले. मग मालकाने मुंबईत सही ठोकायची, कागद पाकिटात घालून गावी धाडायचा आणि गावातल्या दोन भल्या माणसांनी 'अक्षर ओळखीचे आहे' म्हणून साक्ष घालायची. अशा कागदावर सहीची शाई काळीभोर आणि साक्षींची तांबूस, पातळ असते. घडी सहीवरून जाते आणि साक्षीची शाई त्या घडीच्या भेगेत उतरलेली दिसते. म्हणजे कागद आधी दुमडला, साक्ष नंतर पडली. कोणी खोटे बोललेले नसते. तरी गहाण बुडते.

कारण साक्ष म्हणजे नेमके काय, यावर हायकोर्टांतच जुंपली होती. अलाहाबाद म्हणे, लिहून देणाऱ्याने 'सही माझी' असे कबूल केले की पुरे. मुंबई, कलकत्ता, मद्रास म्हणत, सही होताना डोळ्यांनी पाहिली पाहिजे. 1912 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, शामू पत्तर खटल्यात डोळ्यांच्या बाजूने कौल दिला. आता ऋणकोने कोर्टात उभे राहून एवढेच सांगायचे, 'सही माझीच, पण ह्या दोघांनी ती होताना पाहिली नाही.' तेवढ्याने दाव्याला बारा वर्षांची मुदत असलेले गहाण साध्या कर्जावर येई, आणि नोंदणी झालेल्या कर्जरोख्याला मुदत सहाच वर्षे. धनकोचे जमिनीवरचे तारण गेले, वर मुदतही गेली.

तीनच वर्षांनी, 1915 मध्ये, ह्याच प्रिव्ही कौन्सिलपुढे पडदानशीन बायकांचे गहाणखत आले. सह्या चिकाच्या पडद्याआड झाल्या होत्या. साक्षीदारांनी चेहरे पाहिलेच नव्हते, पण आवाज ओळखले होते आणि सही करणारा हात पाहिला होता. ती साक्ष ग्राह्य ठरली. मला हा निकाल फार आवडतो. दोन हातांवरचा पडदा चालला, दोनशे मैलांवरचे टपाल चालले नाही, आणि तेच योग्य होते.

1926 साली कायद्यात 'साक्षांकन' शब्दाची व्याख्या आली आणि पुढच्या वर्षी ती मागील दस्तांनाही लागू केली. सही पाहिली नसली तरी लिहून देणाऱ्याने स्वतः कबुली दिली की चालेल, दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर नसले तरी चालेल. पाकीटवाल्यांना वाटले, सुटलो! पण त्याच व्याख्येत एक अट बसली आहे: साक्षीदाराने आपली सही लिहून देणाऱ्याच्या समक्ष केली पाहिजे. टपालाची वाट पुन्हा बंद.

सरळ मार्ग आधीपासून होताच. मालकाने आपल्या राहत्या ठिकाणच्या सबरजिस्ट्रारपुढे मुखत्यारपत्र करायचे, ते टपालाने धाडायचे आणि गावी मुखत्याराने साक्षीदारांदेखत सही करायची. आजारी माणसाच्या घरी किंवा तुरुंगातल्या कैद्याकडे नोंदणी अधिकारी स्वतः जाऊ शके. चार आणे नि दोन दिवस वाचवायला लोकांनी ही वाट सोडली आणि तारणे घालवली.

1926 ची ती व्याख्या आजही कायम आहे. तेव्हा कोणी घरी आणून दिलेल्या गहाणखतावर 'फक्त साक्षीदार म्हणून' सही मागितली, तर आधी लिहून देणाऱ्याला समोर बोलवा. तो येईपर्यंत पेनाचे टोपण काढू नका.