वय आणि रक्तदाब

‘शंभर अधिक वय’ हा रक्तदाबाचा जुना हिशेब पुष्कळ घरांत अजून चालतो. सत्तरीच्या आजोबांचा वरचा आकडा १७० आला की ‘वयाच्या मानाने ठीक आहे’ म्हणून सोडून देतात. आम्हीही पूर्वी असेच समजत होतो. हा हिशेब चुकीचा आहे.

प्रौढ माणसाचा दाब १२०/८० च्या आत असणे उत्तम. दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक येत राहिला, तर वय तीस असो की सत्तर, तो उच्च रक्तदाबच. लहान मुलांचे निराळे. डॉक्टर त्यांचे वय व उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून ठरवतात.

वय वाढते तशा रोहिण्या जुन्या रबरी नळीसारख्या ताठर होतात, म्हणून वरचा आकडा चढतो. साठीच्या सुमारास खालचा मात्र बहुधा उतरू लागतो, आणि माणूस निर्धास्त होतो. अमेरिकेत साठीपुढच्या अशाच रुग्णांना औषध देऊन पाहिले. १९९१ साली निष्कर्ष आला की पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले.

फार थकलेल्या वृद्धांचा दाब झपाट्याने उतरवणेही बरे नाही. उठताना भोवळ येते, पडून खुब्याचे हाड मोडते. त्यांचा दाब उभे करूनही मोजून घ्यावा.

मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. मीठ दिवसाला लहान चमचाभराच्या आतच, लोणचे, पापड, खारे मासे धरून. आणि बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. घरोघरी फडताळात अर्धवट राहिलेली पाकिटे आम्हाला दिसतात.